देशोदेशीचा आहार आणि मधुमेह
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या निमित्ताने आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली आहे. ‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ ही म्हण या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सुरतेच्या जेवणाची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु त्या दोहोंमधले अंतर फार कमी होऊ नये, एवढ्यासाठीच आजचा विषय निवडला आहे.

मधुमेह आपल्याला नवा नाही. प्रमेहाचा रोगी स्थूलही असतो आणि कृशही, हे चरकाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. नवी आहे ती त्याची व्याप्ती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. गोव्यात शंभरांत 26 प्रौढांना हा रोग, तर उत्तर प्रदेशात पाचांहूनही कमी जणांना. एकाच देशात एवढा फरक का पडावा?

उत्तरासाठी थोडे दूर जाऊ. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात पिमा नावाचे आदिवासी राहतात. त्यांचेच भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरांत शेती करून राहतात. रक्त एक, पण 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲरिझोनातील पिमांत शंभरी 38, तर मेक्सिकोतील पिमांत केवळ 7 जण मधुमेही आढळले. एकीकडे मका, घेवडा आणि अंगमेहनत. दुसरीकडे दुकानातले अन्न आणि बैठे जीवन. मॉरिशसमध्ये गेल्या शतकाच्या आधीपासून आपली मराठी कुटुंबेही नांदत आहेत. तेथे 1987 साली पाहणी झाली, तेव्हा भारतीय, क्रिओल व चिनी या सर्वच समाजांत मधुमेहाचे प्रमाण मोठे आढळले. वंश निराळे, बदललेले राहणीमान मात्र सर्वांचे सारखे.

मग वंशाला काहीच अर्थ नाही काय? आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचाही 22.3. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी शंभरी 9, तर याज्ञिकांच्या शरीरात 21! काट्यावर दोघे सारखे आणि आतून किती निराळे! ‘आमचा मुलगा सडपातळ आहे, त्याला कशाची साखर?’ असे म्हणणाऱ्या मातापित्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या लोकांनी वजनापेक्षा पोटाचा घेर पाहावा: पुरुषांनी 90 आणि स्त्रियांनी 80 सेंटिमीटरच्या आत.

आता आपल्या घरी येऊ. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली आपली कितीतरी कुटुंबे आहेत. गावी कळण्याची भाकरी, डाळ आणि वांग्याचे भरीत होते. ते पचविणारे शेतातले कष्टही होते. येथे मागावर बारा-बारा तासांची पाळी, कधी रात्रीची; झोप अपुरी; मधल्या सुट्टीत दोन चमचे साखरेचा चहा, लोचो, फाफडा, शेव. घरी आल्यावर भाताचा डोंगर. गाव सुटले, पण पानातले गावचे माप सुटले नाही. त्यात शहराची भर मात्र पडली.

यावर परदेशी पथ्याचा कागद आणून उपयोग नाही. ओट्स आणि ऑलिव्ह तेल आपल्या संसाराला परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. परंतु भात सोडून सहा भाकऱ्या खाणे हेही पथ्य नव्हे. भारतीयांच्या आहारातली सुमारे 62 टक्के ऊर्जा धान्य, साखर अशा पिष्टमय व गोड पदार्थांतून येते, असे 2025 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. नुसते धान्य बदलून धोका कमी होत नाही. एकूण माप उतरावे लागते आणि रिकाम्या जागी डाळ, उसळ, ताक, दही यावे लागते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा व बटाटा म्हणजे पुन्हा पिष्टच. औषध घेणाऱ्यांनी तर वैद्यांना विचारल्याविना उपवास धरू नये. साखर एकाएकी उतरली तर प्राणावर बेतते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. लग्न जुळविताना हा रोग लपविला जातो आणि मग गोळ्याही लपवाव्या लागतात, पुढे सुटतात. डोळे, मूत्रपिंडे आणि पाय मात्र काही लपवू देत नाहीत. मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा पाय गेला, तर त्याबरोबर घराचे उत्पन्न जाते, मुलांचे शिक्षण जाते. 1922 साली टोरांटोत इन्सुलिनने पहिला रोगी वाचला. तेव्हापासून मधुमेह हा लज्जेचा नव्हे, सांभाळण्याचा रोग झाला आहे.

म्हणून विश्वस्तांना आमच्या दोन विनंत्या आहेत. वार्षिक स्नेहसंमेलनात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा पोटाचा घेर मोजावा आणि सकाळी उपाशीपोटी रक्तशर्करा तपासण्याची सोय करावी. दुसरी विनंती पंगतीची. आपल्याकडे प्रेम आग्रहाने मोजले जाते; ‘माझ्या हातची एक तरी’ म्हणत जिलबी पानात पडते आणि नको म्हणणारा उद्धट ठरतो. हा आग्रह आता कोशिंबिरीचा, उसळीचा व्हावा. चंदनी पडव्याची घारी अवश्य खावी. मात्र एकीचे चार भाग करून, चौघांत वाटून. त्याने गोडी उणी होत नाही, सोबत वाढते.

संस्थेने पन्नास वर्षांत मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. ती मुले शिकून मोठी होतील, तेव्हा त्यांचे कौतुक पाहायला आईबाप धडधाकट असावेत, एवढीच आमची इच्छा आहे.