सावली आखूड असताना



दोहा शहरातील अल हिलाल या वस्तीत मी नऊ वर्षे राहिले. तेथील एका भारतीय शाळेत मी जीवशास्त्र शिकवीत असे. दरवर्षी पोषणाचा पाठ येई : ‘ड’ जीवनसत्त्व सूर्यप्रकाशामुळे त्वचेत तयार होते, ते कमी पडल्यास मुलांना मुडदूस होतो. कतार तर उन्हाचाच देश. तेथे हा धडा केवळ परीक्षेपुरता, असे मी मानीत असे.

कतारात २०१२ पासून फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळतात. अशाच एका क्रीडादिनी थोडे अंतर चालताच माझी कंबर व पोटऱ्या भरून आल्या. रक्त तपासले, तेव्हा ‘ड’चे प्रमाण नऊ निघाले, वीस नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता समजतात. माझ्या मुलीचे अकरा निघाले. शिकविणारीच नापास झाली होती, आणि शिक्षा लेकराला झाली होती.

कारण उघड होते. घर, गाडी आणि शाळा, तिन्ही वातानुकूलित. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाई, म्हणून दारे बंद. खिडकीतून ऊन येई; परंतु ज्या अतिनील किरणांनी हे जीवनसत्त्व बनते, ते साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. सावळ्या त्वचेला वेळही अधिक लागतो. त्वचेत बनलेल्या ‘ड’ला यकृत व मूत्रपिंडे कार्यक्षम रूप देतात, मगच आतडी अन्नातील कॅल्शियम नीट शोषतात. एरवी शरीर हाडांच्या ठेवीतून उचल करीत राहते.

आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला ते बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. त्यांचे अंगण उघडे होते. आज मुंबई-ठाण्यातही आपली मुले बंद खोलीत वाढतात. म्हणून ही केवळ परदेशाची कथा नव्हे.

तीन गोष्टी सांगते. पहिली, पहाटेचे कोवळे ऊन सुखद असले तरी त्यात हे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असताना, त्वचा भाजू न देता, दहा-पंधरा मिनिटे हात-पाय उन्हात ठेवावेत. दुसरी, बांगडा व तारली हे खवल्यांचे, आपल्याला चालणारे मासे. त्यांत ‘ड’ असते. तिसरी, मटणाच्या जेवणात आपण नारळाचे दूध वापरतो. ते रुचकर खरे, पण गाईम्हशीच्या दुधाइतके कॅल्शियम त्यात नाही. म्हणून सकाळच्या न्याहारीला दूध-दही आठवणीने घ्यावे. नाचणी व तीळही असावेत. औषध मात्र वैद्यांना विचारूनच घ्यावे. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अतिरेक बाधतो.

रामबाम स्वतः वैद्य होते. ‘मिश्ने तोरा’ या धर्मग्रंथात त्यांनी आहार व व्यायाम यांना एक अध्याय दिला आहे. शरीर सांभाळणे हेही धर्मकार्यच, हे मी फार उशिरा शिकले. उपचारानंतर मुलगी सावरली. परंतु तिची हरवलेली दोन वर्षे मला अजून टोचतात.

शब्बाथच्या सकाळी प्रार्थना आटोपली की मुलांचा हात धरून पायीच घरी जा. वाटेत त्यांना त्यांची सावली मोजायला सांगा.

शब्बाथ शालोम.