शुश्रूषेची विद्या आणि बदलीचा हुकूम



परिचारिकांच्या या अधिवेशनाची अध्यक्ष म्हणून मी थेट विषयाकडे वळते. १९५२ साली कोपेनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ उसळली, आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना पुरतील इतकी यंत्रे ब्लेगडॅम रुग्णालयात नव्हती, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सूचनेवरून सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, अहोरात्र, रबरी पिशवी हातांनी दाबून त्या रुग्णांचा श्वास चालू ठेवला. आज ज्याला आपण अतिदक्षता विभाग म्हणतो त्याचा उगम त्या हातांत आहे. आणि हे विकसनशील देशांच्या आरोग्यखात्यांनी ध्यानात ठेवले असते, तर व्हेंटिलेटरांच्या खरेदीला मंजुरी देतानाच ते हाताळणाऱ्या परिचारिकांच्या शिक्षणाची तरतूदही झाली असती. करोनाच्या साथीत आपल्या देशात जिल्ह्याजिल्ह्यांत यंत्रे पोहोचली, परंतु ती चालवणारी शिक्षित माणसे नसल्यामुळे कित्येक ठिकाणी ती तशीच पडून राहिली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे शिक्षण कोणत्या स्वरूपाचे असावे? आपल्या विभागात येणारा रुग्ण परदेशी ग्रंथांत वर्णिलेला रुग्ण नेहमीच नसतो. पिकावरील कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याला ॲट्रोपीन देताना छातीतील घरघर थांबली की नाही, घाम सुकला की नाही, हे दर थोड्या मिनिटांनी जिला पाहायचे असते ती परिचारिका असते, कारण पुढची मात्रा त्या पाहण्यावर ठरते. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते, वेदना नाममात्र असते, आणि पहाटे पापण्या जड होऊन मिटू लागतात, मान उचलवत नाही. श्वास बंद पडण्यापूर्वीची ही पूर्वसूचना जिच्या नजरेतून निसटली, तिच्या समोरचे मॉनिटर फार उशिरा बोलते. सावळ्या कातडीवर निळसर छटा सहजी दिसत नाही, शिवाय अशा त्वचेवर ऑक्सिमीटर प्राणवायूचे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक दाखवू शकते, म्हणून जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहण्याची सवय आमच्या विद्यार्थिनींना पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांची लक्षणे बारकाईने टिपली, आणि त्या निरीक्षणातूनच प्राझोसिनच्या उपचाराचा मार्ग खुला झाला. ही दृष्टी व्याख्यानातून येत नाही. अनुभवी सिस्टरच्या शेजारी, एकाच खाटेपाशी, महिनोन्‌महिने उभे राहिल्यानेच ती येते.

भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, याचे मी मनःपूर्वक स्वागत करते. परंतु अशा रीतीने तयार झालेली परिचारिका विभागात रुळते न रुळते तोच बदलीचा हुकूम येतो, आणि तिच्या जागी, कालपर्यंत बाह्यरुग्ण विभागात केसपेपर लावणारी एखादी भगिनी, कोणतीही पूर्वतयारी नसताना, कृत्रिम श्वासावर असलेल्या तीन-तीन रुग्णांच्या जबाबदारीवर नेमली जाते. दप्तराच्या हिशेबी एक पद म्हणजे दुसरे पद. रुग्णाच्या हिशेबी तसे नाही. शिकलेल्या भगिनी आखातात किंवा ब्रिटनमध्ये निघून जातात त्याबद्दल मी त्यांना मुळीच दोष देत नाही, कारण जे कौशल्य तेथे स्वतंत्र हुद्द्याने आणि वेतनाने मान्य होते, त्याची येथे सेवापुस्तकात साधी नोंदही क्वचितच होते.

या अधिवेशनाने शासनाकडे इतर मागण्या अवश्य पाठवाव्यात, पण त्यांच्या अग्रभागी ही मागणी असावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे: अतिदक्षतेचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेची, तिच्या स्वतःच्या अर्जाखेरीज, किमान पाच वर्षे त्या विभागाबाहेर बदली होऊ नये, तिला स्वतंत्र हुद्दा व भत्ता मिळावा, आणि व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे, रात्रपाळीतसुद्धा, एक परिचारिका असावी.