गादीचा वारस आणि घरची लेक

(शनिशिंगणापूर येथील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा सांगणाऱ्या या गावात मी आज एका बंद दाराविषयी बोलणार आहे. ते दार वारसाहक्काचे. आपल्याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या एका कन्येने ते उघडले.

कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले आणि कारभारात मुरविले. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा आग्रह दत्तकाचा होता आणि राघोबादादा त्यांच्या पाठीशी होते. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला. माधवराव पेशव्यांनी न्याय त्यांच्या पदरात टाकला. फौज तुकोजींकडे आणि राज्याचा कारभार स्वतःकडे ठेवून त्यांनी १७९५ पर्यंत महेश्वरहून आदर्श राज्य केले.

या इतिहासाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु अभिमान डोळस असावा. पती, सासरा आणि पुत्र असे तीन मृत्यू झाल्यावरच ही कर्तबगार स्त्री कारभारी झाली. महाराणी ताराबाईंनी १७०० सालानंतर औरंगजेबाशी झुंज दिली, तीही पुत्राच्या नावाने. स्त्रीचे कर्तृत्व समाजाने मानले. तिचा हक्क मात्र मानला नाही.

अहिल्याबाईंना मुक्ताबाई नावाची कन्या होती. मालेरावांच्या पश्चात तीच त्यांचे एकमेव अपत्य. तरी ती गादीची वारस ठरली नाही. १७९१ साली पतीमागे ती सती गेली. आईच्या पश्चात गादी तुकोजींकडे गेली. स्वतः सती न जाता राज्य सांभाळणाऱ्या मातेला पोटच्या लेकीची चिता पाहावी लागली, यापरते दुःख कोणते?

युरोपातील राजघराण्यांनाही शहाणपण उशिराच आले. ज्येष्ठ अपत्य, मग ते कन्या असो वा पुत्र, हाच वारस हे स्वीडनने १९८० साली मान्य केले. ब्रिटनने तसा कायदा २०१३ साली केला आणि तो २०१५ मध्ये लागू झाला.

राजगाद्या आपल्याकडे राहिल्या नाहीत; प्रश्न मात्र घराघरांत उरला आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो अधिक स्पष्ट केला. तरीही वडिलांचे दिवस होतात न होतात तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. माहेर तुटू नये म्हणून ती मुकाट्याने सही करते आणि आपण तिला साडीचोळी देऊन त्यास प्रेम म्हणतो!

याच गावात २०१६ च्या गुढीपाडव्याला शनिदेवाचा चौथरा स्त्रियांना खुला झाला. जिल्ह्यास २०२४ साली अहिल्यादेवींचे नाव लाभले. आता आपल्या घरच्या सातबाऱ्यावर लेकीचे नाव चढले पाहिजे. ते काम सरकारचे नव्हे, तुमचे-माझे आहे.