रमाबाईंचे दोन दुष्काळ



आजचा विषय संयोजकांनी 'ख्रिस्ती श्रद्धा आणि दुःख' असा दिला आहे. इतक्या मोघम विषयावर बोलायचं तर प्रवचनच होईल, आणि तो माझा प्रांत नाही. म्हणून मी पंडिता रमाबाईंपुरतं बोलतो. त्यांनी दोन दुष्काळ पाहिले, आणि दोन्ही वेळा पाहणारी नजर एक नव्हती.

पहिला मद्रास इलाख्यातला, १८७४च्या सुमाराचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे देवळांतून पुराण सांगत, त्यावर घर चाले. दुष्काळ पडल्यावर या कुटुंबानं दागिने विकले, उंची वस्त्रं विकली, शेवटी तांब्यापितळेची भांडीही विकली. आणि आलेला पैसा अन्नाला नाही, ब्राह्मणांना दान करण्यात घातला, देव प्रसन्न व्हावा म्हणून! मजुरी करणं शास्त्र्याच्या घराला जमत नव्हतं, हात पसरवत नव्हता. वडील गेले, मागोमाग आई, मग थोरली बहीण. उरलेली दोघं, रमाबाई आणि त्यांचा भाऊ, देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, अंगावर पांघरूण नाही, तेव्हा दोघांनी खड्डे खणले, आत निजली आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

या सगळ्यामागे एकच हिशेब होता: दुःख आलं म्हणजे काहीतरी पाप घडलं असणार, ते फेडलं पाहिजे.

१८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी सगळं पालटलं असं मात्र समजू नका. तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच बाई धर्ममतांवरून वर्षानुवर्षं भांडल्या, शाकाहारही सोडला नाही. मला त्यांच्या श्रद्धेतला हा ताठा फार आवडतो. पण तो हिशेब सुटला. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. पाप कुणाचं, याचं की आईबापांचं, असं शिष्य विचारतात. येशू दोन्ही नाकारतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावतो. शिवाय ज्याची भक्ती करायची तोच क्रूसावर खिळलेला. तिथे दुःखी माणसाला देवाचा नावडता कसं म्हणायचं?

दुसरा दुष्काळ १८९६-९७चा, मध्य प्रांतातला. बाई स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या त्या मुलींत त्यांना वीस वर्षांपूर्वीची आपली भावंडं दिसली असणार. शेकडो मुली त्यांनी आणल्या. विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन पुण्यात होतं, पण तिथे प्लेगचे निर्बंध, तेव्हा केडगावच्या माळावर तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या. तेच 'मुक्ती'. आंधळ्या मुलींसाठी तिथे बार्तीमी सदन निघालं, छापखान्यात मुली खिळे जुळवू लागल्या.

भुकेल्या मुलींना धर्म दिला, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. श्रद्धेशिवाय असं काम होत नाही, असंही माझं म्हणणं नाही. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, त्यांच्याशी लग्न करणारे धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याला विधवांसाठी केलं ते कमी का होतं? मी एवढंच म्हणतो, की रमाबाईंना हे बळ त्यांच्या श्रद्धेतून मिळालं.

ते बळ किती पुरतं, याची परीक्षा १९२१ साली झाली. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती सारा कारभार सोपवायचा होता, ती चाळिशीत गेली. बाई त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी अधू. पापाचा हिशेब मांडायला हीच वेळ होती. बाईंनी तो मांडला नाही. मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं भाषांतर, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत, त्यांना पुरं करायचं होतं. ५ एप्रिल १९२२ला त्या वारल्या, तोवर त्या त्याच कामाला लागलेल्या होत्या.