तोफगोळ्यांची उसनवारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



हुकूमशहांच्या मैत्रीचा विषय निघाला की १९३९ च्या ऑगस्टमधला हिटलर-स्टालिन करार आठवतो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे रशियाचे धान्य व तेल नाझी जर्मनीला मिळत राहिले आणि १९४१ च्या जूनमध्ये त्याच जर्मनीचे रणगाडे रशियात घुसले. अशी दोस्ती टिकत नाही, असे म्हणून पुष्कळजण निश्चिंत होतात. मला ही निश्चिंती मान्य नाही. तेवढ्या अवधीत पोलंड नकाशावरून पुसला गेला होता आणि बाल्टिकची तीन राष्ट्रेही गिळली गेली होती.

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केले. त्याआधी वीस दिवस पुतीन व शी जिनपिंग यांनी अमर्याद मैत्रीची ग्वाही दिली होती. चीनने उघडपणे शस्त्रे दिली नाहीत. यंत्रसामग्री व इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मात्र पुरविले. इराणने शाहेद ड्रोन दिली. पुढे जून २०२५ मध्ये इराणवर इस्रायल-अमेरिकेचे बॉम्ब पडले, तेव्हा मॉस्कोने निषेधापलीकडे फारसे काही केले नाही! पण खरी बोधप्रद गोष्ट आहे ती उत्तर कोरियाची.

त्या देशाच्या अण्वस्त्रांमुळे संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ पासून निर्बंध घातले, त्यांना रशियाने स्वतः मत दिले होते. निर्बंधांवर लक्ष ठेवणारी तज्ज्ञसमिती २००९ साली नेमली गेली, तीही रशियाच्या संमतीने. मग युद्धात तोफगोळे कमी पडू लागले, ते प्याँगयाँगहून येऊ लागले, आणि मार्च २०२४ मध्ये रशियाने नकाराधिकार वापरून त्या समितीची मुदतवाढ अडवली. (चीन तटस्थ राहिला. तटस्थतेचेही किती प्रकार असतात!) चोरीचा माल घेणाऱ्यानेच पहारेकऱ्याला घरी पाठवावे, तसा हा प्रकार. जूनमध्ये परस्परसंरक्षणाचा करार झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हजारो कोरियन जवान कुर्स्कच्या आघाडीवर लढत होते. दोन्ही सरकारांनी ते जाहीरपणे कबूल केले एप्रिल २०२५ मध्ये. आपला मुलगा कोणत्या मुलखात, कोणासाठी मेला, हे विचारण्याची सोय तिथल्या आईबापांना नाही. जिथे जाब विचारणारी संसद नाही आणि वर्तमानपत्र नाही, तिथे माणसेही तोफगोळ्यांसारखी उसनी देता येतात.

हे सारे आपल्याला दूरचे वाटेल. पण १९९८ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने उडविलेले घौरी क्षेपणास्त्र उत्तर कोरियाच्याच नोडाँगवर बेतलेले होते. शस्त्रे विकून जगणारी ही राजवट आता ड्रोनयुद्धाचा ताजा अनुभव गाठीशी बांधून बसली आहे आणि तिच्या दुकानावर नजर ठेवणारी राष्ट्रसंघाची ती समिती उरलेली नाही.

दिल्लीने या युद्धात स्वस्त रशियन तेलाचा हिशेब मांडला. गरीब देशाला तो मांडावा लागतो, हे मी नाकारत नाही. गाझावर पडणारे बॉम्ब पुरविणाऱ्या अमेरिकेने आपल्याला नीतिपाठ द्यावेत, हेही मला मंजूर नाही. मात्र त्या हिशेबाच्या वहीत घौरीचे पान कुठे आहे, हे विरोधी खासदारांनी येत्या अधिवेशनात परराष्ट्रमंत्र्यांना विचारावे, यासाठी आपण आपापल्या जिल्ह्यातून पत्रे धाडली पाहिजेत.