वजा वजा आणि कंस



मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्यातल्या दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. ‘चालू आहे ना, मग हात कशाला लावायचा?’ म्हणत मी तो जुनाच ठेवला होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पोस्टग्रेसच्या जावा ड्रायव्हरमधली गंभीर त्रुटी जाहीर झाली. शाळेत आपण शिकलो, वजा वजा अधिक. डेटाबेसच्या भाषेत मात्र दोन वजा जोडून आले की ओळीचा पुढचा भाग नुसता शेरा ठरतो. ‘सिंपल’ पद्धतीत वजाच्या चिन्हापुढे ऋण संख्या आली आणि त्याच ओळीत पुढे मजकुराची जागा असली, तर तिथून परक्याचा हुकूम आत शिरू शकत होता. ४२.७.२ आवृत्तीत उपाय आला : भरलेली किंमत कंसात घाला!

आमच्याकडे ती पद्धत वापरात नव्हती, म्हणून वाचलो. पण लोकांची ठेव नशिबावर ठेवायची नसते. आधी चाचणीच्या प्रतीवर, मग मूळ जागी ड्रायव्हर बदलला. आता दर महिन्याला सगळी पॅकेजेस ज्ञात त्रुटींच्या यादीशी ताडून पाहतो.

बाई, कंस विसरलो म्हणून तुम्ही अर्धा गुण कापायचात. तेव्हा राग यायचा. आज आभार मानतो.