फिनलंडच्या जुन्या रायफलींची पारख

जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना फिनलंडच्या लष्करी रायफलींचे विशेष आकर्षण वाटते. त्याचे कारण त्या रायफलींच्या जन्मकथेत आहे. 1809 पासून फिनलंड रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता. 6 डिसेंबर 1917 रोजी त्याने आपले स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा देशात रशियन फौजेची पुष्कळ शस्त्रे होती. मोसिन-नागाँ ही 1891 सालच्या नमुन्याची रायफल त्यांत प्रमुख होय. नव्या राष्ट्राजवळ पैसा थोडा होता. म्हणून त्याने जुने टाकून न देता त्यातूनच नवे घडविले.

नळी जीत घट्ट बसविलेली असते आणि बोल्ट जीतून मागेपुढे सरकतो, त्या पोलादी चौकटीस रिसीव्हर म्हणतात. या रायफलींचा हा भाग फिनलंडने स्वतः कधीच तयार केला नाही. तो रशियातील तुला, इझेव्स्क वा सेस्त्रोरेत्स्क येथील, किंवा पहिल्या महायुद्धात रशियासाठी माल पुरविणाऱ्या अमेरिकन कारखान्यांतील असे. त्यावर फिनलंडने नवी नळी, सुधारलेली माशी आणि नवा दस्ता चढविला.

1924 च्या नमुन्याच्या नळ्या स्वित्झर्लंड व जर्मनी येथून आणल्या होत्या. 1927 चा नमुना सैन्यासाठी होता, तर 1928 चा नागरी संरक्षक दलासाठी. त्याचीच सुधारलेली आवृत्ती 28-30 या नावाने ओळखली जाते. 30 नोव्हेंबर 1939 ते 13 मार्च 1940 या 105 दिवसांच्या हिवाळी युद्धात सिमो हायहा या शेतकरी नेमबाजाने दुर्बिणीवाचून जी रायफल चालविली, ती याच जातीची. 1939 चा नमुना सैन्य आणि संरक्षक दल या दोहोंसाठी मिळून ठरविण्यात आला. हे दल 1944 च्या युद्धबंदीनंतर विसर्जित झाले; पण त्याची खूण पोलादावर शिल्लक आहे.

अस्सल रायफल ओळखावी कशी? प्रथम ती रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी. मगच तपासणीस आरंभ करावा. नळीवर चौकटीत ‘एसए’ ही रोमन अक्षरे दिसतात. ती फिनलंडच्या सैन्याची मालकी दर्शवितात. मात्र हा शिक्का 1942 पासूनचा आहे. तो नाही म्हणून रायफल खोटी ठरत नाही. आणि तो आहे म्हणून ती फिनलंडमध्येच घडली, असेही होत नाही, कारण युद्धात हस्तगत केलेल्या सोव्हिएत रायफलींवरही तो मारला जाई. ‘डी’ हे अक्षर असल्यास ती नळी फिनलंडच्या जड गोळीच्या काडतुसासाठी योग्य केली आहे, असे समजावे. दस्त्यात बोटांत बोटे गुंफल्यासारखा सांधा दिसला, तर नवखा मनुष्य त्यास मोडतोडीची दुरुस्ती समजतो. वस्तुतः ती फिनलंडच्या कारागिरांची नेहमीची रीत होय.

सर्वांत महत्त्वाची साक्ष मात्र लाकडाखाली दडलेली असते. रिसीव्हरच्या शेपटीच्या खालच्या अंगास त्याच्या निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. त्यामुळे 1942 ची नळी 1896 च्या रिसीव्हरवर बसलेली आढळणे शक्य आहे. अमेरिकेत 1968 च्या कायद्यानुसार 1898 वा त्यापूर्वी घडलेले शस्त्र पुरातन गणले जाते, आणि तेथे वय ठरते ते रिसीव्हरवरून. त्यामुळे अशा रायफलीस अधिक मागणी असते, आणि मागणी वाढली की लबाडीही वाढते. नवा शिक्का ठोकणे, बोल्टवरील क्रमांक घासून दुसरा कोरणे, हे प्रकार घडतात. जुन्या शिक्क्याच्या कडा झिजून मऊ झालेल्या असतात. ताज्या ठशाच्या कडा तीक्ष्ण असून त्यांच्याभोवतीची झिलई फुटलेली दिसते.

याहून मोठे नुकसान बनावटगिराने नव्हे, तर हौशी मालकाने केलेले असते. तो दस्ता घासून चकचकीत करतो आणि त्याबरोबर दलाची खूण, क्रमांक व हातांनी पडलेली झीज पुसून टाकतो. पोलादाला बोलता येत नाही. त्यावरील खुणा हीच त्याची जबानी. ती वाचण्याआधीच जो पुसतो, तो वस्तू जवळ ठेवून तिचा इतिहास गमावतो. रायफल देखणी दिसते की नाही, यापेक्षा ती खरे सांगते की नाही, हे ज्याला महत्त्वाचे वाटते, तोच खरा संग्राहक होय.